आधी माती, मग माणूस

आवणीत हरवलेली अंगठी बोटातून गळून पडलेली नसते, ती चिखलानं ओढून घेतलेली असते. जुलैतल्या भरल्या खाचरात बाई वाकलेली असते. डाव्या हातात रोपांची मूठ असते. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चार काड्या उचलून चिखलात रोवतात आणि बाहेर येतात. दिवसभरात हे हजारो वेळा होतं. पाण्यानं बोटं गारठून आकसलेली असतात, चिखल साबणासारखा बुळबुळीत झालेला असतो, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक बोटाला तो किंचित मागे खेचत असतो. कधीतरी त्या ओढीत अंगठी उतरते. त्या क्षणी काही कळत नाही. संध्याकाळी हात धुताना बोटावरचा पांढुरका वळ दिसतो आणि काळजात धस्स होतं. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या भाताच्या गावांना हे काही नवं नाही. पुढच्या पानांत धातुशोधक यंत्रानं असा दागिना कसा शोधायचा ते येईल. पण हे शिकायचं कशासाठी, याचं माझं उत्तर सोन्याच्या किमतीवर थांबत नाही. दागिना दिसेनासा झाला की घरात पहिला प्रश्न येतो तो ‘कुणी घेतला?’ असा. ‘कुठे पडला?’ हा प्रश्न त्याच्या मागून येतो, कधी येतच नाही. या दोन प्रश्नांचा क्रम उलटा करण्याची ताकद या यंत्रात आहे, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

आपल्या बोलण्यातच ही घसरण दिसते. संध्याकाळी अंगठी ‘हरवली’ असते, जेवणं होईपर्यंत ती ‘गेली’ असते आणि सकाळी उजाडताना ती कुणीतरी ‘नेली’ असते. एवढ्या वेळात नवा पुरावा काहीच आलेला नसतो, फक्त क्रियापद बदललेलं असतं. आणि नेली म्हटलं की नेणारा लागतो. तो शोधताना नजर नेहमी खालच्या दिशेनं जाते. जो मजुरी देतो त्याच्यावर संशय जात नाही, जो घेतो त्याच्यावर जातो. आवणीला आलेली कातकरी किंवा वारली बाई, घरकामाला येणारी पोर, मागच्याच वैशाखात लग्न होऊन आलेली सून, बांधावर खेळणारं शेजारचं पोरगं, असा तो क्रम लागतो. कधी मजुरी अडकवून ठेवली जाते, कधी पुढच्या वर्षी त्या पाड्यावर बोलावणं जात नाही. चौकशी, पंचनामा, निकाल असं काहीही न होता शिक्षा मात्र भोगून होते. जिची अंगठी गेली तीही सुटत नाही. ‘साधी अंगठी सांभाळता आली नाही’ हे वाक्य तिला वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. तोळ्याचा भाव २०२५ मध्ये लाखाच्या पलीकडे गेला. भाताच्या दोन एकरांवर जगणाऱ्या घरात तोळाभर सोनं म्हणजे मुलीच्या लग्नाची किंवा दवाखान्याची सोय असते, शिवाय ते बाईचं स्वतःचं स्त्रीधन असतं. त्यामुळे घरच्यांचा जीव कासावीस होतो हे समजण्यासारखं आहे. पण कासावीस झालेला माणूस नीट शोधत नाही. जो सापडेल त्याला धरतो.

या घाईवर आपल्याकडचा जुना उतारा म्हणजे ‘बघणं’. देवऋषीकडे जायचं, कौल लावायचा, तांदूळ टाकायचे. हे मनाच्या समाधानापुरतं राहिलं असतं तर त्यावर फार लिहायची गरज नव्हती. पण ‘बघणारा’ बहुतेक वेळा जागा सांगत नाही, तो माणूस सांगतो, किंवा सांगितल्यासारखं करतो: घरातलंच आहे, उंच आहे, पूर्वेकडून आलेलं आहे. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जे नाव असतं ते त्या वर्णनात चपखल बसतं, आणि आता त्या संशयामागे देवाचं बळ उभं राहतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू आणि गुप्तधन यांच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचाही समावेश आहे. पण कायदा अघोरी कृत्य रोखू शकतो, कुजबुज रोखू शकत नाही. कुजबुजीला उत्तर द्यायचं तर शोधण्याचा दुसरा, डोळ्यांना दिसणारा मार्ग लोकांच्या हातात द्यावा लागतो.

हा मार्ग समजायला फार विज्ञान लागत नाही. यंत्राच्या टोकाला तबकडीसारखी कॉइल असते. तिच्यातून सतत उलटसुलट वीज वाहते, त्यामुळे तिच्याखाली एक बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र असतं, ते कॉइलला जाणवतं आणि कानाला आवाज येतो. लोहचुंबकाशी याची गल्लत करू नये. चुंबकाला सोनं, चांदी, तांबं चिकटत नाही, त्यामुळे दोरीला चुंबक बांधून चिखल ढवळणाऱ्याला खिळे मिळतील, अंगठी मिळणार नाही. हे भोवरे धातूच्या किमतीवर ठरत नाहीत, आकारावर मोठ्या प्रमाणात ठरतात, आणि आपल्या दागिन्यांच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. अंगठी म्हणजे पूर्ण बंद कडं. प्रवाहाला गोल फिरायला अखंड वाट मिळते, म्हणून लहानशी अंगठीही स्वच्छ बोलते. बांगडी आणि पाटली त्याहून मोठ्यानं बोलतात. पण तीच अंगठी एका जागी तुटली की आवाज एकदम उतरतो. साखळीची तर याहून वाईट गत. तिची प्रत्येक कडी शेजारणीला जेमतेम टेकलेली असते, त्यामुळे प्रवाह एकेका बारीक कडीतच घोटाळतो. दोन तोळ्यांची साखळी अर्ध्या तोळ्याच्या अंगठीपेक्षा कमी ऐकू येऊ शकते. मंगळसूत्रात काळे मणी काचेचे, त्यांची यंत्राला दादही नाही. ऐकू येतात त्या दोन वाट्या. बोरमाळेत लाखेवर चढवलेला पातळ पत्रा असतो. नथीत मोत्यांतून गेलेली केसासारखी तार असते, ती सापडणं सगळ्यात अवघड. जोडवं चांदीचं, अंगानं भरीव, पण बहुधा एका बाजूनं उघडं, म्हणून ते मधल्या पट्टीत येतं. तेव्हा काय हरवलं आहे हे नेमकं ठाऊक असल्याशिवाय शोध सुरू करण्यात अर्थ नाही. ‘सोन्याचं काहीतरी’ एवढी माहिती यंत्राच्या उपयोगाची नाही.

जमिनीचाही हिशोब असतो. आपल्या मातीच्या पोटात काळा दगड आहे, त्यात लोहाची खनिजं आहेत. त्यांचा आवाज दागिन्याच्या आवाजात मिसळतो, म्हणून सुरुवातीला यंत्र त्या जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं. कोकणच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत हे आणखी जड जातं. भाताचं खाचर मात्र एका बाबतीत शोधणाऱ्याच्या बाजूचं आहे. वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं वरचा थर लोण्यासारखा होतो आणि त्याखाली, साधारण वीतभरावर, घट्ट थर बसतो. खाचरात पाणी टिकतं ते याच थरामुळे. बावीस कॅरेटचं सोनं पाण्याच्या सतरा-अठरा पट जड असतं, त्यामुळे ओल्या चिखलात अंगठी खाली सरकत जाते, पण त्या घट्ट थराशी येऊन थांबते. हाताळायच्या बहुतेक यंत्रांना एकटी अंगठी साधारण वीतभर खोलीपर्यंतच ऐकू येते. म्हणजे आशेला जागा आहे, पण ती काठावरची. म्हणूनच शोधाचा खरा मुहूर्त कापणी झाल्यावर आणि नांगर फिरण्याआधी असतो. उभ्या रोपांत कॉइल जमिनीलगत फिरवता येत नाही, आणि नांगर फिरला की अंगठी जागची हलते. कापणीही बुडाशी करावी लागते. चार बोटं उंच खुंट ठेवले तर कॉइल चार बोटं वर राहते, आणि तेवढी खोली यंत्राच्या पोहोचेतून वजा होते. एका गुंठ्यात सुमारे १०१ चौरस मीटर जमीन येते. दोरी बांधून, मीटरभराच्या पट्ट्यांत, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवत गेलं तर गुंठ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. दहा गुंठ्यांचं खाचर एका दिवसाचं काम आहे. पण आवणीच्या दिवशीच अंगठी हरवलेली बाई कुठली पात लावत होती हे विचारून बांधावर काठी रोवली असेल, तर ते काम तासाभरावर येतं. हरवल्याच्या संध्याकाळी विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा.

यंत्रावर फार भरवसा ठेवणाऱ्यांनी १८८१ ची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर त्या वर्षी २ जुलैला गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकली हे डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरचं एक यंत्र जुळवून आणलं. तपासणीत यंत्रानं गोंधळलेला आवाज दिला, आणि त्याचं एक कारण रुग्णाच्या गादीतल्या पोलादी तारा हे मानलं जातं. दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं. उपचार करणारे डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून यंत्र त्याच बाजूनं फिरवलं गेलं. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले, आणि शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. यंत्राला जिथे फिरू दिलं तिथे ते फिरलं, पण कुठे फिरवायचं हे आधीच ठरलेल्या मतानं ठरवलं होतं. दागिन्याच्या शोधात हीच चूक रोज होते. मजुरांनी जेवण केलं त्या झाडाखाली चार वेळा पाहिलं जातं आणि घरच्या सुनेनं लावलेल्या पातीकडे कुणी फिरकत नाही. गादीतल्या तारांचीही आठवण ठेवावी: शोधणाऱ्याच्या हातातलं कडं, कमरेचा कोयता, बुटातली खिळी आधी दूर ठेवावी.

आता आक्षेपांकडे येतो, कारण त्यातला एक खरोखर गंभीर आहे. यंत्रानं शोधूनही काही मिळालं नाही तर संशय आणखी पक्का होणार नाही का? आजवर ‘कदाचित मातीत असेल’ एवढी तरी पळवाट होती. आता लोक म्हणतील, मशीन लावलं, मातीत नाही, म्हणजे चोरलंच. हा धोका खरा आहे, आणि यंत्र नुसतं विकून मोकळं होणारा कुणी याबद्दल बोलत नाही. याला माझं उत्तर असं की यंत्राचं बोलणं आणि यंत्राचं गप्प राहणं या दोन सारख्या वजनाच्या साक्षी नव्हेत. आवाज आला, खणलं, अंगठी निघाली, की प्रश्न संपला. आवाज आला नाही, तर त्यातून एवढंच कळतं की फिरवलेल्या जागेत, त्या खोलीपर्यंत, त्या आकाराचा धातू या यंत्राला या हातात जाणवला नाही. तो जाणवायला हवा होता का, हे आधी तपासावं लागतं. हरवलेल्या दागिन्याशी मिळताजुळता दागिना घ्यावा, लांब रंगीत दोरा बांधावा, त्याच खाचराच्या कोपऱ्यात आधी चार बोटं, मग वीतभर खोल पुरावा आणि त्यावरून यंत्र फिरवावं. वीतभरावर ते गप्प बसलं तर त्या खोलीबद्दल त्याची साक्ष धरायची नाही. नथीच्या बाबतीत ते दोन बोटांवरही गप्प बसू शकतं, म्हणजे नथ हरवली असताना यंत्राला काही मिळालं नाही या वाक्याला काडीचा अर्थ उरत नाही. ही चाचणी न करता केलेला शोध हा शोध नाहीच, आणि त्याच्या आधारानं कुणाकडे बोट दाखवणं हा अन्याय आहे. कचऱ्याचंही तसंच. औषधांच्या गोळ्यांच्या पाकिटांची चंदेरी पट्टी आणि बारीक सोनं यंत्राला जवळजवळ सारखंच ऐकू येतं. पट्ट्यांचा त्रास नको म्हणून तो आवाज बंद करणारा माणूस सोन्याचाही आवाज बंद करून बसतो. बैलांच्या पत्र्या, विळ्याची मोडकी टोकं, हळदीच्या मांडवाचे खिळे यांचा लोखंडी आवाज वेगळा काढता येतो. उरलेला प्रत्येक आवाज खणूनच पाहावा लागतो.

दुसरा आक्षेप असा, की चोऱ्या होतातच, मग चोराला वेळ का द्यायचा? चोऱ्या होतात हे खरं. कुलूप तुटलं असेल, कपाट उचकटलं असेल तर सरळ पोलीस ठाणं गाठावं, खाचरात जाऊ नये. पण ज्या दागिन्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो कामात गुंतलेल्या हातावर होता, त्याच्या बाबतीत पडण्याची शक्यता आधी तपासणं हे चोराला अभय देणं नव्हे. माती कुठे पळून जात नाही, असंही कुणी म्हणेल. पण माती नांगरली जाते, आणि एकदा लागलेला आळ तर त्याहून खोल जातो.

तिसरा आक्षेप पुरातत्त्वाची कळकळ असणाऱ्यांचा आहे, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. यंत्र गावात आलं की ते खाचरात थांबणार नाही, पडक्या देवळाकडे, शापवाणी कोरलेल्या गधेगाळाच्या दगडाकडे, लोनाडच्या लेण्यांकडे वळेल, गुप्तधनाचं वेड त्याला पाय देईल. याच मुलखात, सोपाऱ्याला, १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला तेव्हा एकात एक ठेवलेले करंडक निघाले, त्यांतला एक सोन्याचा, आणि सोबत सोन्याची फुलं. त्या वस्तू काय सांगतात हे आपल्याला कळलं, कारण कोणती वस्तू कशाच्या आत आणि कशाशेजारी होती याची नोंद झाली. रात्री यंत्र घेऊन कुणी तो ढिगारा फोडला असता तर उरलं असतं ते फक्त वितळवण्याजोगं वजन. म्हणून रेघ स्पष्ट आखायला हवी. आपण शोधतो तो हरवलेला दागिना, ज्याचा मालक जिवंत आहे आणि हरवल्याचा दिवस ठाऊक आहे. जमिनीत दडवलेलं धन ही वेगळी गोष्ट, तिला १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं असं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं; लपवलं तर वर्षभरापर्यंतची कैद होऊ शकते. कळवणाऱ्यावर हा कायदा अन्याय करत नाही: धन बेवारस ठरलं आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश अशी वाटणी त्यात सांगितली आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर परवानगीशिवाय कुदळ लावणं हाच गुन्हा.

हरवलेला दागिना दुसऱ्याच कुणाला सापडला तर? ‘सापडलं ते देवानं दिलं’ ही समजूत कायद्याला मान्य नाही. १८६० च्या दंड संहितेत यासाठी दिलेलं एक उदाहरण अंगठीचंच होतं: मौल्यवान अंगठी सापडली, मालक ठाऊक नाही, पण त्याला शोधण्याचा प्रयत्न न करता ती लगेच विकली, तर तो अपहार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ३१४ मध्ये आली आहे. उलट बाजूनं, १८७२ च्या करार कायद्यानं शोधणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. मालकानं बक्षीस जाहीर केलं असेल तर शोधणारा ते हक्कानं मागू शकतो. म्हणून यंत्र घेऊन येणाऱ्या माणसाचा मेहनताना आधी, चार लोकांसमोर ठरवावा. सापडल्यावर घासाघीस करणं दोघांनाही शोभत नाही. दागिना आपलाच हे सिद्ध करायची तयारीही आधीच असावी. हॉलमार्कच्या दागिन्यावर आता सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी खूण असते. ती पावतीवर आणि घरच्या वहीत लिहून ठेवायला एक मिनिट लागतं.

यंत्र महाग, ते गरिबाच्या घरी कुठून येणार, हा प्रश्न उरतो. पण सोनं मातीतून परत मिळवायचं ज्ञान आपल्याकडे यंत्राआधीपासून आहे, आणि ते श्रीमंतांकडे कधीच नव्हतं. झारेकरी सोनाराच्या दुकानातली केर-राख विकत घेऊन, धुऊन, पाण्याच्या फेऱ्यांवर जड कण खाली बसवून त्यातून सोनं वेगळं करत. डोळ्यांना न दिसणारी कणी मातीत असतेच, ही त्यांची खात्री होती आणि त्यावर त्यांचं पोट चाले. खळ्यावर, उंबऱ्याशी, न्हाणीच्या मोरीत हरवलेल्या दागिन्यासाठी आजही आधी चाळणी आणि बादलीभर पाणीच बरं. काखेत कळसा असताना यंत्रासाठी गावाला वळसा घालू नये. विहिरीत कळशी पडली की काढायला आकड्यांचा लोखंडी गळ लागे. तो घरोघरी नसे, एकाच्या पडवीत टांगलेला असे आणि मागेल त्याला मिळे. धातुशोधक यंत्र गावात यावं ते या गळासारखं: ग्रामपंचायतीत किंवा बचत गटाकडे एक, चालवायला शिकलेल्या दोघी-तिघी, आणि कधी, कुठे, कशासाठी नेलं याची एक वही. दोघी-तिघी असं मुद्दाम लिहितो. हरवतं ते बहुतेक बाईच्या अंगावरचं, कुठल्या पातीत ती कशी वाकली होती हे दुसऱ्या बाईला लवकर उमगतं, आणि नोंदीची वही असली की यंत्र रात्री लेण्यांकडे जात नाही.

आणखी एक गोष्ट नियम म्हणून पाळावी असं मला वाटतं. संशय चारचौघांत घेतला गेला असेल, तर शोधही चारचौघांत व्हावा. ज्या मजूर बायांना आवणीच्या संध्याकाळी कनवटी उलगडून दाखवायला लावल्या होत्या, त्यांना कापणीनंतर शोधाच्या सकाळी निरोप जावा, त्या दिवसाची मजुरी धरून. त्यांनी बांधावर उभं राहावं. पुरलेल्या दागिन्यावर यंत्र बोलतं की नाही हे त्यांनीही ऐकावं, कोणत्या पट्ट्या फिरून झाल्या ते पाहावं. आवाज आला की कॉइल बाजूला ठेवून हातानं माती उकरावी, ढेकूळ सगळ्यांसमोर फोडावं. आत गोळ्यांच्या पाकिटाची पट्टी असेल तर तीही दाखवावी. आणि अंगठी निघाली, तर ती पदराला पुसून गुपचूप पेटीत जाऊ नये. जिच्यावर आळ आला होता, तिच्या तळहातावर ती आधी ठेवावी, आणि मग तिच्या हातून मालकिणीनं घ्यावी.